ओले हात, धुतलेले हात

बेडूक हातात कसा घ्यावा, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याने शिकवलं. त्याआधी वीस वर्षं मी वर्गात फुगून फुटणाऱ्या बेडकाची गोष्ट सांगत होते, कूपमंडूक या शब्दाचा समास सोडवून घेत होते, उर्दूच्या तासाला मेंढक आणि मराठीच्या तासाला बेडूक फळ्यावर लिहीत होते, आणि खराखुरा बेडूक समोर आला की खुर्चीवर चढत होते.

आमचं घर खाडीच्या बाजूला, जुनं, कौलारू. न्हाणीघर मागच्या पडवीला जोडलेलं. उन्हाळ्यात, बाहेर सगळं करपून गेलेलं असताना, तिथे एक झाडबेडूक येऊन बसतो. येतोच. कोकणात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हा सांगायला नको. पिवळसर तपकिरी, मुठीएवढा, बोटांच्या टोकांना गोल टिकल्या, आणि त्या टिकल्यांच्या जोरावर गुळगुळीत भिंतीला चिकटलेला. चुन्याच्या भिंतींवर दिसायचा म्हणून इंग्रजांनी त्याला ‘चुनाम फ्रॉग’ असं नाव दिलं. आपला चुना त्यांच्या बेडकाला लागला. दिवसभर पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, भिंतीचाच फुगवटा असल्यासारखा बसतो. रात्री झुरळं खातो, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत, पण फजरच्या अंधारात वुजूला गेल्यावर नळाच्या मागून तो टपकन उडी मारतो तेव्हा आभार सुचत नाहीत.

आमच्या शेजारपाजारी अशा वेळी मिठाची मूठ मारतात. मीही लहानपणी हे पाहिलेलं आहे. मीठ पडल्यावर बेडूक कसा होतो ते सांगत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. माझ्या सासूबाईंनी मात्र या घरात ते कधी होऊ दिलं नाही. त्यांचं म्हणणं, हजरत इब्राहीमना आगीत टाकलं तेव्हा बेडकाने तोंडातून पाणी आणून त्या आगीवर टाकलं होतं. या रिवायतीच्या सनदीत मी पडत नाही, ते आलिमांचं काम. पण अबू दाऊद आणि नसाईमध्ये एक हदीस आहे ती मला माहीत होती: एका वैद्याने बेडूक औषधात घालण्याबद्दल विचारलं आणि रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बेडूक मारायला मनाई केली. म्हणजे मारायचा नाही हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. पण न मारणं वेगळं आणि नीट वागवणं वेगळं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माझ्या धाकट्याने, वय नऊ, तो बेडूक बिस्किटांच्या प्लॅस्टिकच्या बरणीत भरला. झाकणाला भोकं पाडली, तळाशी नळाचं पाणी ओतलं, आणि बरणी खिडकीत उन्हात ठेवली. मुलांचं प्रेम बहुधा असंच असतं. बेडूक बरणीच्या काचेसारख्या भिंतीला नाक घासत वर चढायचा, खाली यायचा. नाकाचा शेंडा सोलवटून लाल झाला. धाकटा दिवसातून दहा वेळा त्याला बाहेर काढायचा, तळहातावर घ्यायचा, चुलत भावंडांना दाखवायचा. मी दुरूनच ओरडायचे, “हात धू!” एवढंच माझं ज्ञान.

त्याच वेळी विलायतेत माझ्या आपाच्या घरी तिच्या मुलाने दोन बेडूक पाळले होते. तेही झाडबेडूकच, पण ऑस्ट्रेलियातल्या जातीचे, हिरवेगार आणि गुबगुबीत. त्या बेडकाला तिकडे ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ म्हणतात. आम्हाला वाटलं रंगावरून, पण तो व्हाइट म्हणजे जॉन व्हाइट, इंग्रजांचे पहिले कैदी जहाजांतून ऑस्ट्रेलियाला गेले त्या ताफ्यावरचा डॉक्टर. त्याच्या १७९० साली छापलेल्या पुस्तकात या बेडकाचं वर्णन आलं. भाच्याने त्यातल्या जाड्याचं नाव लाडू ठेवलं होतं. व्हिडिओ कॉलवर त्याने लाडू दाखवला आणि माझ्या धाकट्याने अभिमानाने आपली बरणी दाखवली. पलीकडे क्षणभर शांतता.

“खाला,” भाचा त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, “तो तिथे मरणार.”

त्याच रात्री बेडूक न्हाणीघरात परत सोडला. जुलैच्या शेवटी आपा आणि भाचा सुटीवर आले. ते दार उघडून आत आले तेव्हा धो धो पाऊस होता आणि भाच्याचे बूट इतके स्वच्छ होते की माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाला, निघण्यापूर्वी तळवे घासून, वाळवून आणले. बेडकांच्या कातडीला होणारा एक बुरशीचा रोग आहे, ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंत त्याने कित्येक जाती संपवल्या, आणि ती बुरशी ओल्या चिखलातून पसरते. म्हणूनच पाळलेला बेडूक कंटाळा आला म्हणून बाहेरच्या तळ्यात कधी सोडायचा नाही, हेही तो म्हणाला. पंधरा वर्षांचं पोर. मी माझ्या दहावीच्या वर्गातले चेहरे डोळ्यांपुढून फिरवले आणि गप्प बसले.

पहिल्याच दिवशी त्याने धाकट्याला समोर बसवून सांगितलं, की तुझा बेडूक पाळीव नाही. लाडू पिंजऱ्यातच जन्मला, त्याला बाहेरचं काही माहीत नाही. हा जंगलचा आहे, तुमच्याकडे पाहुणा म्हणून आलाय. त्याला बघायचं, पाणी ठेवायचं, आणि कारण असेल तेव्हाच हात लावायचा. धाकट्याचं तोंड उतरलं. पण कारण आमच्याकडे दर आठवड्याला होतंच: रविवारी न्हाणीघर फिनेलने धुतलं जायचं, तेव्हा बेडकाला बाहेर काढावं लागायचं. भाचा म्हणाला, ठीक, ते काम तुझं. मग त्याने ते काम शिकवलं, आणि दाराशी उभी राहून मीही शिकले.

बेडकाची कातडी ही आपल्यासारखी कातडी नाही. तो तिच्यातून श्वास घेतो आणि तिच्यातूनच पाणी पितो. तोंडाने पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूची, मांड्यांजवळची पातळ कातडी ओल्या जागेवर टेकवून बसतो आणि पाणी आत ओढून घेतो. पाणी जसं आत जातं तसं पाण्यात मिसळलेलं बाकीचंही जातं. साबण, अत्तर, हातांना लावायचं क्रीम, तंबाखू, कांद्यालसणाचा रस, आपल्या घामातलं मीठ. कोरड्या हाताने पकडलं तर वरचा ओलसर थर निघून जातो, तो त्याचा रोगांपासूनचा बचाव असतो. म्हणून आधी हात साबणाने धुवायचे, मग साबणाचा अंश राहणार नाही इतक्या वेळा नुसत्या पाण्याने धुवायचे, आणि पुसायचे नाहीत. ओलेच ठेवायचे. सासूबाई पलंगावरून हे ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे वुजू करून घ्यायचा म्हण की.” भाच्याला ते फार आवडलं. तिकडे तो पावडर नसलेले हातमोजे पाण्यात बुडवून घालतो.

पाणीही कुठलंही चालत नाही. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, आपल्यासाठी ती हवीच, पण तो क्लोरीन बेडकाला झोंबतो. भाचा घरी पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब टाकतो. आमच्याकडे त्याने पागोळ्यांखाली बादली लावली. धाकट्याला एक मातीची परळ मिळाली, तीत पावसाचं पाणी, बोटभर खोल, रोज बदललेलं.

आणि पकडण्याची रीत. वरून झडप घालायची नाही. वरून येतो तो त्याचा शत्रू असतो. भिंतीवरून पाय ओढून काढायचा नाही. एक ओला तळहात त्याच्या पुढ्यात धरायचा, दुसऱ्या हाताचं बोट हळूच मागे लावायचं, म्हणजे तो आपणच हातावर चढतो. मग दुसरा हात वर, घुमटासारखा, दाबायचं नाही. सगळं जमिनीवर बसून करायचं, कारण तो उडी मारणार, आणि चार फुटांवरून फरशीवर पडला तर इजा होणार. एक-दोन मिनिटांत काम संपवायचं, आपल्या हाताची ऊबही त्याला जास्त होते. घाबरला की तो मुतणार. आमच्याकडे म्हणतात बेडूक मुतला की चामखीळ येते. काही येत नाही, चामखीळ माणसाच्या विषाणूने येते. नुकसान होतं ते त्याचं, कारण ते पाणी त्याने कोरड्या दिवसांसाठी साठवलेलं असतं.

नंतर मात्र साबण हवाच, आणि तो आपल्यासाठी. धडधाकट दिसणाऱ्या बेडकाच्या अंगावरही साल्मोनेला हा जंतू असू शकतो. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात पाळीव बेडकांमुळे दोनशेहून जास्त लोक आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. ते छोटे पाणबेडूक होते. आमच्या घरी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई. तेव्हा परळ स्वयंपाकघरात येणार नाही, बेडकाला मुका घेणार नाही, त्याला हात लावून डोळा चोळणार नाही (कातडीच्या चिकाने डोळ्यांची आग होते), असं धाकट्याकडून कबूल करून घेतलं. मुका घेण्याचं कलम त्याने जरा नाखुशीने मान्य केलं.

ऑगस्टभर दर रविवारी हा सोहळा चालला. हात धुणं, बेडूक घुमटात घेणं, पडवीतल्या कुंडीत ठेवणं, न्हाणीघर फिनेलनंतर चार-पाच बादल्या साध्या पाण्याने धुणं, वास गेल्यावर बेडूक परत. माझा हा मुलगा शाळेत कुठल्याच कामात तिसऱ्या मिनिटानंतर टिकत नाही. त्याच्या बाई, म्हणजे माझ्याच सहकारी, मला वहीत लाल शेरे दाखवतात. पण बेडकापुढे तो श्वास रोखून बसायचा. मी पडवीतून बघत राहायचे.

महिनाअखेरीस आपा आणि भाचा परत गेले.

सप्टेंबरमधला गुरुवार. संध्याकाळी अचानक फोन आला, नणंदेच्या सासरची माणसं वाटेवर आहेत, रात्री मुक्कामाला येतात. धाकटा मदरशात. न्हाणीघर धुवायलाच हवं होतं. मी मगरिब आटोपून घाईने आत गेले. संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे डासांची वेळ, हातापायांना डासांचं मलम चोपडलेलं. नळाखाली हात धरले, ओले झाले, आणि मी बेडकाला उचललं. उचललं कसलं, आयुष्यात पहिल्यांदा मी बेडूक हातात घेतला आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. गार, हलका, गळ्याखाली धडधडणारा. कुंडी पडवीच्या दुसऱ्या टोकाला होती, तिकडे कशाला जायचं म्हणून जवळच्या बादलीत ठेवला आणि वर ताट झाकलं. ती बादली कसली होती, तिच्यात आधी काय होतं, हे मी पाहिलं नाही.

तासाभराने ताट काढलं तर तो पाय पसरून पडला होता. बेडूक असे पाय पसरत नाहीत. मी पागोळ्यांचं पाणी ओतलं, ते टाकून पुन्हा ओतलं, मग भाच्याला फोन लावला. तिकडे दुपार, तो शाळेत. पाहुणे आले. मी चहा केला, जेवण वाढलं, मध्येमध्ये मागे जाऊन बघत होते. इशाच्या आधी तो गेला. मी त्याला जास्वंदीखाली पुरला आणि हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत.

धाकट्याने सकाळी विचारलं. मी म्हटलं, “खिडकीतून बाहेर गेला. पाऊस आहे ना, त्यांचे अंडी घालायचे दिवस असतात.”

विज्ञानाच्या दृष्टीने वाक्य अगदी बिनचूक होतं. पावसाळ्यात ते बाहेर जातात, मादी पाण्यावरच्या फांदीवर किंवा टाकीच्या भिंतीवर फेस करून त्यात अंडी घालते, पिल्लं खाली पाण्यात गळतात. मी त्याला हे सगळं सांगितलं. शिक्षकाचं खोटं असंच असतं, माहितीने भरलेलं.

त्या रात्रीपासून त्याने न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. परळ आतून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, म्हणजे त्याला परत येताना दिसेल. रोज पाणी बदलायचा. उघड्या खिडकीतून डास यायचे, घरातले सगळे वैतागले, यांनी दोनदा खिडकी लावली, त्याने दोनदा उठून उघडली. भाच्याला मी दुसऱ्याच दिवशी खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, मलमही असेल, बादलीही असेल, आता कळणार नाही. मग म्हणाला, “खाला, मी पहिला बेडूक मारला तो साबणाने. बाबांना सांगितलं, तो आजारी होता.” एवढं बोलून त्याने विषय बदलला.

अकराव्या रात्री मी सासूबाईंपाशी बसले. सगळं सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, अमल नियतीवर असतात, तुझी नियत साफ होती. त्या तसं म्हणाल्याही. “चुकून मेला, त्याची माफी अल्लाह देईल.” मग थांबून पायांवरचं पांघरूण नीट करत म्हणाल्या, “पण खोटं तू चुकून बोललीस का गं?”

सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मी धाकट्याला जास्वंदीखाली नेलं. मी वर्गात पन्नास मुलांपुढे न अडखळता बोलते, तिथे माझी वाक्यं तुटत होती. त्याने ऐकून घेतलं. रडेल असं वाटलं होतं, रडला नाही. मातीकडे बघत विचारलं, “हात धुतले होतेस?”

“ओले केले होते.”

“ते वेगळं असतं,” तो म्हणाला, आणि दप्तर उचलून चालू लागला. फाटकापाशी वळून आला, खिडकीतली परळ उचलली, पाणी कुंडीत ओतलं आणि परळ स्वतःच्या कपाटात ठेवून दिली.

पुढे कित्येक महिने बेडकाचा विषय घरात निघाला नाही. तो माझ्याशी बोलायचा, हसायचा, अभ्यासावरून भांडायचा. पण काही दाखवायला आणायचा ते दादीला. एकदा पक्ष्याचं पडलेलं घरटं आणलं, तेही दादीच्या पलंगावर. मी बाजूलाच भाजी निवडत होते. मी विचारलं, “कसलं रे?” तर म्हणाला, “घरटं.” ते मलाही दिसत होतं.

या एप्रिलमध्ये न्हाणीघरात पुन्हा एक आला. आकाराने लहान, पाठीवर जास्त पिवळा. कधी आला मला कळलंच नाही. मला दिसला तो दारावर चिकटवलेला वहीचा कागद. वर उर्दूत, खाली मराठीत, वेगवेगळ्या स्केचपेनांनी: आत जान्याआधी हात दाखवा. अत्तर नको. क्रीम नको. साबन लावला तर तीन वेळा धूवा. माझ्या हाताला सवयीने लाल पेन आठवलं. आज दोन महिने तो कागद तिथेच आहे, कोपरे ओलाव्याने वळलेत, आणि ‘साबन’ तसाच आहे.

पहिल्या रविवारी मी फिनेलची बाटली घेऊन पडवीत उभी राहिले. तो आत होता. कुंडी त्याने आधीच दाराशी आणून ठेवली होती.

“अम्मी, तू घेणार आहेस का त्याला?” आतून आवाज आला.

मी म्हटलं, “तू म्हणशील तर.”

तो बाहेर आला. माझे दोन्ही हात धरले, उलटे केले, नाकाशी नेऊन वास घेतला. सकाळी मी कांदा चिरला होता.

“परत धू,” तो म्हणाला, आणि पागोळ्यांच्या पाण्याच्या हंड्यातून तांब्या भरून माझ्या हातांवर धार धरली.